मयत माणसाचा ओटीपी

सकाळी ऑफिसात आले की मी आधी तिकिटं बघते. तिकीट म्हणजे तक्रार. आमच्या दूध कंपनीची जिल्ह्यात जागोजागी संकलन केंद्रं आहेत, आणि केंद्रावरचं दूध कॉम्प्युटरमध्ये चढवल्याशिवाय जागचं हलत नाही. कुणाचा पासवर्ड अडकतो, कुणाला पान उघडत नाही, कुणाच्या पडद्यावर लाल अक्षरात येतं, 'आपणांस ही क्रिया करण्याची परवानगी नाही.' हे सगळं धाराशिवला माझ्या टेबलावर येऊन पडतं. बऱ्याचदा दोन मिनिटांचं काम असतं. ज्याच्या हातात आहे त्यानं केलं तर.

त्या दिवशीचं तिकीट परंडा तालुक्यातल्या एका केंद्राबद्दल होतं. सोनारीच्या वाटेवर आहे ते. तक्रार केंद्रानं केलेलीच नव्हती, दूध जिथं जातं त्या प्लँटवरच्या माणसानं केली होती. 'केंद्रप्रमुखांचा ओटीपी रोज उशिरा मिळतो. टँकर खोळंबतो. वेग वाढवावा.'

मी परत वाचलं. त्या केंद्राचे प्रमुख वारले होते. पहाटे नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करता करता कोसळले आणि गेले. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला होता, खाली सगळ्यांनी हात जोडले होते. प्लँटवरच्या या माणसानंही जोडले होते.

मी त्यांना चाचा म्हणायची. सॉफ्टवेअर नवीन आलं तेव्हा धाराशिवला सगळ्या केंद्रप्रमुखांचं ट्रेनिंग मीच घेतलं होतं, त्यात ते सगळ्यात वयस्कर. बाकीचे एकमेकांना पासवर्ड ओरडून सांगत होते. चाचा एका बोटानं टाईप करायचे. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा थांबले आणि मला म्हणाले, "बेटी, तू पण जरा तिकडं बघ." मी मुकाट्यानं खिडकीकडं तोंड केलं. शेवटपर्यंत त्यांचा पासवर्ड कुणाला माहीत नव्हता. त्यांच्या केंद्राचं तिकीट क्वचित यायचं.

मी केंद्रावर फोन लावला. तिथं दुधाची तपासणी करणाऱ्या बाई आहेत, सगळे त्यांना आक्का म्हणतात. बरीच वर्षं चाचांच्या हाताखाली होत्या. चाचा गेल्यापासून केंद्र त्याच चालवत होत्या.

"आक्का, टँकर सोडताना ओटीपी कुठून येतो तुम्हाला?"

"चाचांच्या फोनवर येतो की."

"तो फोन कुणाकडं आहे?"

"चाचीकडं, परंड्याला. चाची आकडं सांगत्यात, म्या हितं टाकते."

"रोज?"

"रोजच मॅडम. आधी म्या फोन करायची त्यास्नी. आता उशीर होतोय म्हणून प्लँटवरनंच करत्यात, आकडं घेत्यात आन मला सांगत्यात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चाची इद्दतीत बसल्यात. परक्या बाप्याशी बोलायचं नसतंय त्यास्नी. पर हे रोज सकाळी फोन करत्यात."

नवरा गेल्यावर मुसलमान बाई काही महिने इद्दत पाळते. घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही, दुखवट्यात असते. आणि आमची कंपनी तिला रोज सकाळी फोन करून तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या मोबाईलवर आलेले आकडे वाचायला लावत होती.

हे कसं झालं ते आक्कांकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं. केंद्रातून टँकर निघताना कॉम्प्युटरवर 'रवाना' हे बटण दाबावं लागतं. ते दाबल्याशिवाय प्लँटच्या गेटवर दूध उतरवून घेत नाहीत. बटण फक्त केंद्रप्रमुखाच्या लॉगिनमध्ये चालतं आणि दाबलं की त्याच्या मोबाईलवर ओटीपी येतो. आक्कांच्या नावासमोर 'सहायक' असं आहे. त्यांना ते बटण दिसतं, पण फिकट. चाचा गेले त्याच आठवड्यात पुण्याच्या मुख्य ऑफिसानं चाचांचा पासवर्ड बदलला, नवा आक्कांना फोनवर सांगितला आणि म्हणाले, सध्या यांच्याच नावानं चालवा. हेच मुख्य ऑफिस आम्हा सगळ्यांना सारखा निरोप पाठवतं की आपला पासवर्ड कुणालाही सांगू नका. माझं डोकं तिथंच तापलं.

पूर्वी हे काम जिल्ह्याच्या हातात होतं. कुणी रजेवर गेलं, कुणी सोडून गेलं, की मीच त्याची परवानगी दुसऱ्याला द्यायची. मग सुरक्षेच्या नावाखाली ते सगळं पुण्याला गेलं. आता मी फक्त बघू शकते आणि विनंती करू शकते. तिथं परवानग्या बघणारे एक साहेब आहेत. त्यांना फोन लावला.

"साहेब, त्या केंद्राचे प्रमुख वारलेत. त्यांचं लॉगिन बंद करा आणि आक्कांना प्रभारी करा."

"बंद करण्याआधी कार्यभार हस्तांतर लागतं, मॅडम."

"मग करून घ्या."

"ते केंद्रप्रमुखाच्या लॉगिनमधून करायचं असतं. त्यांनी स्वतः."

"साहेब, ते वारलेत."

"हो, ते कळलं मला. वाईट झालं. पण प्रोसेस आहे ना."

"बरं, मोबाईल नंबर तरी बदला. आक्कांचा टाका."

"नंबर बदलायची विनंती पण युजरनंच टाकायची असते. आणि त्या बाई कंत्राटी आहेत. कंत्राटी माणसाला केंद्रप्रमुखाचा रोल देता येत नाही."

"कंत्राटी बाई केंद्रप्रमुखाचं काम रोज करतेय की! तुम्हीच तिला पासवर्ड दिलाय."

"ते तात्पुरतं आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही तिकीट टाका, बघू."

मी तिकीट टाकलं. सगळं लिहिलं, मृत्यूचा दाखला जोडला. काही दिवसांनी उत्तर आलं. ते मला पाठ आहे, कारण तेवढा राग मला आयुष्यात क्वचित आला असेल. 'सदर वापरकर्त्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. वापरकर्त्याकडून प्रतिसाद नाही. तिकीट बंद करण्यात येत आहे.'

मी उठून बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. कुणीतरी चाचांच्याच पत्त्यावर मेल पाठवली होती, उत्तराची वाट बघितली होती, आणि उत्तर आलं नाही म्हणून त्यांनाच दोष देऊन तक्रार मिटवली होती. दाखला उघडूनसुद्धा बघितला नव्हता. मी तिकीट परत उघडलं. परत बंद झालं. परत उघडलं. मग साहेबांचाच फोन आला.

"मॅडम, एक मार्ग आहे. तुम्ही परंड्याला जाऊन त्यांच्या घरून ते सिमकार्ड घेऊन या. सिम केंद्रावर ठेवू. मग कुणाला त्रासच नाही."

"सिम त्यांच्या स्वतःच्या नावाचं आहे. कंपनीचं नाही."

"समजावून सांगा ना. तुम्ही लेडीज आहात, तुम्हाला आत जाता येईल."

इद्दत म्हणजे काय हे साहेबांना पक्कं माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. माहीत असूनही रोज सकाळचा फोन चालू होता. मी हो म्हणाले. सिम आणायचं माझ्या मनात नव्हतं. मला चाचींना भेटायचं होतं.

बार्शीवरून परंड्याला एसटीनं गेले. किल्ल्याच्या मागच्या गल्लीत घर. चाची आतल्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या, पांढरी ओढणी, हातात बांगड्या नाहीत. मला बघून उठायला लागल्या, मी त्यांना बसवलं. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, "तू वो कम्प्यूटरवाली बेटी? वो बोलते थे तेरा." मग जरा वेळ आम्ही दोघी रडलो. चाचांनी घरी माझं नाव काढलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

चहा झाल्यावर त्यांनी फळीवरचा फोन काढला. रुमालात गुंडाळून ठेवला होता. माझ्या हातात दिला.

"ये देख. रोज आता."

कंपनीचा मेसेज होता. 'आज आपली हजेरी लागलेली नाही. कृपया वरिष्ठांना कळवा.' बोटानं वर सरकवलं तर त्याच्यावर तोच, त्याच्यावर तोच. चाचा गेले त्या दिवसापासून एकही सकाळ सुटली नव्हती. ते गेले त्या दिवशीचाही होता. घरात मयत पडलेली असताना हा मेसेज वाजला असणार.

"पडोसन की बच्ची से पढवा ली मैं," चाची म्हणाल्या. "वरिष्ठांना कळवा लिखते. जिस ऊपरवाले कू कळवना था, उसकू तो पहलेच मालूम है."

त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मी फोनकडं बघत राहिले.

मग त्यांनी प्लँटच्या फोनचं सांगितलं. सुरुवातीला आक्काचा यायचा, ते बरं होतं, दोन शब्द बोलणं व्हायचं. मग हा माणूस फोन करू लागला. एकदा चष्मा सापडेना आणि त्यांनी दोन आकडे उलटे सांगितले. ओटीपी चुकला, परत मागवावा लागला. तो माणूस ओरडला, धड वाचता येत नाही का तुम्हाला, इथं गाडी उभी आहे.

"उनके फोन पे," चाची म्हणाल्या. "उनके फोन पे मेरे कू आजतक कोई ऊँची आवाज में नै बोला था."

मी त्यांना खरं सांगून टाकलं. "चाची, मला कंपनीनं सिम आणायला पाठवलंय."

त्यांनी मग फोन माझ्या हातातून हलकेच काढून घेतला. "नै देती. इसमें उनके आवाज के मेसेज हैं. देर होती तो भेजते थे."

"नका देऊ," मी म्हणाले. "मी न्यायला आलेच नाही."

"और बंद कर दी तो? फोन बंद?"

हा प्रश्न त्यांनी आधीच ठरवून ठेवला असावा. मी जे होईल ते सांगितलं. टँकर सुटणार नाही. सुटला तरी गेटवर अडेल. आक्कांवर खापर फुटेल. आणि दूध लोकांचं आहे, गाव नाराज होईल. चाची ऐकत होत्या. शेवटच्या गोष्टीवर त्यांची मान खाली गेली. चाचांनी त्या लोकांचं दूध कधी परत पाठवलं नव्हतं म्हणे.

"आक्का कू लगा," त्या म्हणाल्या.

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. चाचींनी सरळ विचारलं, "आक्का, मैं कल से आकडे नै बोली तो चलेगा क्या?"

मला वाटलं आक्का नाही म्हणणार. त्यांचं काम कंत्राटी, उद्या काढून टाकलं तर कोण विचारणार?

"बंद करा चाची," आक्का म्हणाल्या. "लई दिस झालं. मला बी रोज सकाळी चाचांचं नाव टाकून आत जायचं म्हंजे कसंतरीच होतंय. त्यांच्या नावानं सही केल्यागत."

"लोगों का दूध?"

"त्याची काळजी करू नका. भूमच्या अंगाला खव्याच्या भट्ट्या हैत की. भट्टीवाला कवाबी घेतो. म्या आज सांजच्याला सगळ्यांस्नी सांगते, उद्याचं दूध केंद्रावर आणू नका म्हणून. का ते बी सांगते."

"तुम्हाला त्रास होईल, आक्का," मी मध्येच बोलले.

"व्हायलाच लागलाय की मॅडम. अजून काय व्हायचाय?"

चाचींनी माझ्यासमोर फोनचं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. परत रुमालात गुंडाळून फळीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, जेवून जा. मी कंपनीची माणूस. मी तो बंद थांबवायला पाहिजे होता, निदान साहेबांना कळवायला पाहिजे होतं. मी ज्वारीची भाकरी आणि डाळ खाल्ली आणि शेवटच्या एसटीच्या आत निघाले. परतताना मला फार बरं वाटत होतं, आणि त्याच्या खाली राग तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसते न बसते तोच साहेबांचा फोन.

"मॅडम, युजर ओटीपी देत नाहीये."

"कोण?"

"अहो ते परंड्याकडचं केंद्र. फोन बंद लागतोय. टँकर रिकामा उभा आहे, केंद्रावर दूधच नाही. वरून विचारणा झालीय. तुम्ही काल गेला होता ना? सिम कुठंय?"

"सिम ज्यांचं आहे त्यांच्याकडं."

"अहो पण युजरनं फोन चालू ठेवायला नको का?"

मी उभी राहिले. आमचं ऑफिस एका हॉलमध्ये आहे, सगळ्यांना सगळं ऐकू जातं. मी पूर्ण आवाजात बोलले. "साहेब, तुमचा युजर मेलाय. तुम्ही त्याच्या फोटोखाली हात जोडलेत. त्याचा दाखला मी तुम्हाला तीनदा पाठवलाय. त्याची बायको घरात दुखवट्याला बसलीय आणि तुमचा माणूस तिच्यावर गाडी उभी आहे म्हणून ओरडतो. वर तुम्ही त्या मेलेल्या माणसाला रोज विचारता की आज कामावर का नाही आलास! तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

साहेब म्हणाले, "मॅडम, भाषा." मी म्हणाले, "हीच भाषा आहे माझी." आणि फोन ठेवला. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी मला पाण्याची बाटली सरकवली.

त्यानंतर जे झालं त्याचा राग आधीच्या सगळ्यापेक्षा जास्त आहे. माझ्यासमोरचा चहा गार व्हायच्या आत काम झालं. चाचांचं लॉगिन बंद झालं. कार्यभार हस्तांतराची गरज पडली नाही. आक्कांचा मोबाईल नंबर जोडला गेला, चाचांनी विनंती न टाकता. आक्का कंत्राटी असल्याची अडचण कुणालाच आठवली नाही, त्यांच्या नावासमोर 'प्रभारी केंद्रप्रमुख' लागलं. त्याच साहेबांनी, त्याच खुर्चीत बसून केलं. म्हणजे ते करता येत होतं. पहिल्या दिवशीही करता येत होतं. चाचींचं दुःख चालत होतं, आक्कांची कुचंबणा चालत होती, माझी तिकिटं चालत होती. रिकामा टँकर तेवढा चालला नाही.

नंतर पुण्याहून सगळ्यांना एक मेल आली, त्यात आमच्या केंद्राचा प्रश्न तातडीनं सोडवल्याबद्दल साहेबांच्या टीमचं अभिनंदन होतं. मला वेगळी मेल आली, वरिष्ठांशी बोलताना भान ठेवावं म्हणून. मी ती वाचली आणि तशीच ठेवली, उत्तर दिलं नाही. हजेरीचे मेसेज मात्र थांबले नव्हते. हजेरीचं सॉफ्टवेअर वेगळं, त्याची माणसं वेगळी. त्यांच्याकडं नवीन तिकीट टाकावं लागलं. तिथली मुलगी मला म्हणाली, "मॅडम, एक्झिट फॉर्म युजरनं भरायचा असतो." मी तिला शांतपणे सगळी हकीकत सांगितली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "थांबा, मी हातानं काढते." तिनं तिथल्या तिथं नाव काढलं. तिला कुणाची परवानगी लागली नाही. की तिनं घेतली नाही, कोण जाणे.

काही महिन्यांनी माझा फोन वाजला आणि पडद्यावर आलं, 'चाचा केंद्र'. मी उचलला. चाची होत्या. इद्दत संपली होती, फोन परत चालू केला होता. आता बाहेर पडता येतं, भावाकडं जाऊन आले म्हणाल्या. मी विचारलं, मेसेज येतो का अजून? "नै आता," त्या म्हणाल्या, आणि मग, "अब सुबह एकदम चुप रहता फोन." बरं वाटतंय की नाही ते मला त्यांच्या आवाजावरून कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

आक्का अजून केंद्र चालवतात. टँकर त्यांच्या नावानं सुटतो. फक्त पुण्याच्या लोकांनी त्यांच्या परवानगीला मुदत घालून ठेवलीय. कंत्राटी आहेत ना, म्हणून दर महिन्याच्या शेवटी ती आपोआप संपते. ज्या दिवशी संपते त्या सकाळी आक्कांचा फोन येतो. "मॅडम, बटण परत फिकट झालंय." मी तिकीट टाकते, पुण्याला फोन करते, ओळखीच्या-अनोळखी जो उचलेल त्याच्याशी भांडते, आणि दूध नासायच्या आत परवानगी आणते. आक्कांना कायम करा, निदान मुदत तरी काढा, असं मी दर वेळी लिहिते. दर वेळी शेरा येतो, विचाराधीन. गेल्या महिन्यात आक्का म्हणाल्या, "राहू द्या मॅडम, कशाला डोस्कं तापवून घेताय?"

मी म्हणाले, "तापू दे आक्का." आणि पुण्याचा नंबर फिरवला.